हेल्मीच्या रायफलीचा हँडगार्ड

२७ सप्टेंबर, रविवार

संकल्प: हेल्मीच्या रायफलीचा हँडगार्ड बदलणे. स्वतः. कोणाचीही मदत न घेता.

पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो. त्याआधी काम पुरे व्हायला हवे. वास्तविक हे एका दुपारचे काम आहे. एवढा अवधी राखून ठेवला आहे तो केवळ पद्धतशीरपणाच्या सवयीमुळे.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. हँडगार्ड म्हणजे नळीभोवतीचे आवरण; नेम धरताना डावा हात ज्यावर टेकतो ते. हेल्मीच्या रायफलीवर तो वरची आणि खालची अशा दोन पन्हळींचा आहे. त्यांची पुढची टोके एका टोपणात अडकतात, मागची एका कड्याखाली, आणि ते कडे भक्कम स्प्रिंगवर बसलेले असते. पैकी वरच्या पन्हळीला तडा गेला आहे. मॅपलचे लाकूड, वय झालेले. तडा आपोआप गेला. त्या वेळी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन जवळ होतो, हा योगायोग.

चर्चनंतर रीनो येऊन गेला. हेल्मीचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. दोनदा कॉफी घेतली, माझ्या पडद्यांना नावे ठेवली आणि दारात पोचल्यावर मूळ विषय काढला. हेल्मी मार्चमध्ये गेली, तेव्हा कॅम्पचा नियम. रानातल्या त्या लाकडी खोपटात हेल्मीचे घराणे तीन पिढ्या हंगामाला जमते. नियम असा की, कॅम्पातले माणूस गेले तर पुढच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी त्याच्या घरातल्या कोणीतरी त्याचीच रायफल घेऊन रानातल्या त्याच्या जागी बसावे. बसले, तर रायफल चालू समजतात. खाट आणि जागा त्या घराकडे राहते. कोणी बसले नाही, तर रायफल कॅम्पच्या भिंतीवर खिळ्याला. तिथे हेल्मीच्या वडिलांची आहे, दोन्ही काकांची आहे. भिंतीवरच्या रायफलीला पुन्हा कोणी हात लावत नाही. तिच्यावर कोळी राहतात.

"ताईची खाट ट्रॅव्हिसला देऊ म्हणतोय," रीनो म्हणाला. ट्रॅव्हिस हा त्याचा जावई. "पुलापलीकडचा आहे, शहरातला, डेट्रॉइटकडचा, पण निदान घोरत नाही."

मी सांगितले की हेल्मीची रायफल भिंतीवर जाणार नाही. मी बसणार आहे.

रीनो माझ्या चकचकीत बुटांकडे बघत राहिला. "तुम्ही? दाजी, आजवर घरात उंदीर तरी मारलाय का तुम्ही?"

प्रश्न उंदरांचा नाही, असे उत्तर दिले. उत्तर समर्पक होते.

३० सप्टेंबर

हँडगार्डचे मोजमाप घेतले. तीनदा. तिन्ही वेळा एकच आकडा. आयुष्यभर भूमिती शिकवल्याचा लाभ असा अनपेक्षित ठिकाणी होतो.

मोजमाप घेऊन ऑर्व्हिलच्या दुकानी गेलो. ऑर्व्हिल माझा जुना विद्यार्थी. बंदुका, बूट, आमिषाच्या अळ्या आणि गोठवलेले मासे एकाच काउंटरवर विकतो. म्हणाला, "मास्तर, रायफलच घेऊन यायची ना. बघून दिलं असतं." मी म्हणालो, वस्तू समोर असताना मोजमापाची गरज काय उरली? वस्तू समोर नसते म्हणूनच माणसाने मोजपट्टी शोधून काढली. यावर तो, "हो मास्तर," म्हणाला. शाळेतही असेच म्हणायचा.

प्रकार तीन: प्लास्टिक, ॲल्युमिनियम, लाकूड. प्लास्टिक हलके, टिकाऊ, ओल न धरणारे. तर्कशुद्ध निवड प्लास्टिक. रायफल नवी होती तेव्हा तिच्यावर प्लास्टिकचाच होता. हेल्मी म्हणायची, "हे धरलं की केस वाळवायला बसल्यासारखं वाटतं." हा काही तांत्रिक आक्षेप नव्हे.

मागणी नोंदवली. घरी येऊन कॉफी दोन कप केली. एक माझ्यासाठी, दुसरा नंतर लागला तर. लागला नाही.

८ ऑक्टोबर

पार्सल आले. प्लास्टिकचा हँडगार्ड आखूड निघाला.

कारण शोधून काढले. जुन्या हँडगार्डची दोन्ही टोके टोपणाखाली आणि कड्याखाली दडलेली असतात. मी दिसणारा भाग मोजला होता. म्हणजे मोजमाप अचूकच होते. मोजायची वस्तू पूर्ण दिसत नव्हती.

११ ऑक्टोबर, रविवार

काल पुन्हा ऑर्व्हिलकडे. प्लास्टिक परत घेताना तो हसला नाही, हे त्याचे संस्कार. मात्र लगेच ॲल्युमिनियमची नळकांडी पुढे केली. सगळीकडे भोकेच भोके. "आजकाल सगळे हेच घेतात मास्तर. याच्यावर टॉर्च लावा, पट्टा लावा, लेझर लावा, काय पाहिजे ते लावा."

हरणापुढे एवढी रोषणाई कशासाठी, असे विचारले. म्हणाला, "लावायलाच पाहिजे असं नाही. लावता येतं." हे पटले. घेतली.

घरी आल्यावर सोबतचे माहितीपत्रक वाचले. ही बसवायची तर आधी नळीच्या मुळाशी असलेला मोठा नट काढावा लागतो. त्यासाठी वेगळा पाना आणि शिकंजा लागतो. शिवाय नेम धरायची पुढची माशी ठोकून काढावी लागते. हे ऑर्व्हिलला ठाऊक नव्हते. त्याच्या मते ती "अशीच सरकते".

नळकांडे रात्रभर पोर्चवर ठेवले. हेतुपुरस्सर, चाचणी म्हणून. आज सकाळी उघड्या हाताने उचलले तर बोटे चिकटली. उचलणे सोपे गेले, ठेवणे अवघड. धातू बाद.

१४ ऑक्टोबर

ॲल्युमिनियमचे नळकांडे ऑर्व्हिलने परत घेतले नाही. खोके फाटले होते. ते अंगणातल्या बर्च झाडाला टांगून त्यात पक्ष्यांसाठी सूर्यफुलाच्या बिया भरल्या. भोकांचा आकार अत्यंत योग्य आहे. चिमण्या खूश. ऑर्व्हिल ट्रकमधून जाताना थांबला, काच खाली केली, बराच वेळ पाहिले, काच वर केली आणि गेला.

१९ ऑक्टोबर

अखेर लाकूड. अक्रोडाचे, गडद, यंत्रावर तासलेले. या वेळी संपूर्ण लांबी कारखान्याच्या तक्त्यावरून घेतली. आज आला. लांबी बरोबर. दोन्ही पन्हळी एकमेकींशी तंतोतंत एकरूप. एक दुसरीवर ठेवली की केसभरही फट नाही.

तुलनेने जुना हँडगार्ड अगदीच सदोष आहे. हेल्मीने तो स्वतः केला होता. वादळात आडव्या झालेल्या मॅपलचा ओंडका वाळवून, एका हिवाळ्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अख्ख्या घरात भुसा करून. जवसाचे तेल इतके चोळले होते की फेब्रुवारीपर्यंत सूपलाही त्याचा वास येई. दोन्ही पन्हळी समान नाहीत. वरच्या पन्हळीवर डाव्या बाजूला तिने अंगठ्यापुरता खोलगट भाग मुद्दाम कोरला होता. मी त्याच वेळी निदर्शनास आणले होते की याने सममिती बिघडते. ती म्हणाली होती, "माझा अंगठा पण एकाच बाजूला आहे."

आज त्या खोलग्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. बसत नाही. माझा लांब आहे. सदोष काम.

२१ ऑक्टोबर

प्रत्यक्ष कामाला प्रारंभ. स्थळ तळघर. रायफल रिकामी असल्याची खात्री केली. नंतर पुन्हा केली.

हे काम मला नवे नाही. दरवर्षी हंगामाआधी नळी पुसण्यासाठी हँडगार्ड उतरवावा लागे आणि तो मीच उतरवत असे. हेल्मी केवळ कडे मागे ओढून धरी. मी पन्हळी उचलून बाजूला ठेवी. या क्रियेतला कौशल्याचा भाग अर्थातच उचलण्याचा.

आज एकट्याने केले. दोन्ही हातांनी कडे ओढले. थोडे हलले. पण तेव्हा पन्हळ उचलायला हात शिल्लक नव्हता. एका हाताने ओढले, तर कडे हलतच नाही. रायफल गुडघ्यांत धरली. हनुवटीने पन्हळ उचलून पाहिली. दातांनीही. हे नोंदवण्यास हरकत नाही, कारण हे कोणी वाचणार नाही.

स्प्रिंग अनपेक्षितपणे ताठ आहे. हेल्मी ती गप्पा मारत मारत ओढून धरायची. तिच्या हातांना दर शुक्रवारी वेलदोड्याच्या पावाची कणीक तिंबायची सवय होती, हे त्यामागचे शास्त्रीय कारण.

अंगठा कड्यात सापडला. काळानिळा.

२५ ऑक्टोबर, रविवार

रीनो आला. अंगठ्यावरची पट्टी पाहिली. काय झाले म्हणून विचारले. दार लागले असे सांगितले.

"कुठलं दार?"

तळघराचे, असे म्हणालो.

"तुमच्या तळघराचं दार सरकतं आहे, दाजी."

मी विषय बदलून हवामानाकडे नेला. त्याने तो तिथे राहू दिला नाही. "ते कडं ओढायचं असतं ना, ते दोन माणसांचं काम आहे. एकानं ओढायचं, एकानं काढायचं. बाबा आणि काका करायचे तेव्हा अख्ख्या गावाला शिव्या ऐकू जायच्या. मला हाक मारा की. मी काय चंद्रावर राहतो?"

मी आभार मानले आणि काम जवळपास संपले असल्याचे कळवले.

"जवळपास म्हणजे?"

म्हणजे हँडगार्ड आणला आहे.

रीनोने टोपी घातली. "हे बघा, भिंत काही वाईट नाही दाजी. बाबा तिथेच आहेत. जेवताना सगळ्यांच्या डोक्यावर असतात. कोणाचं वाईट चाललेलं नाही तिथे."

मी दार लावून घेतले. हळूच. शिष्टाचार सोडला नाही.

२९ ऑक्टोबर

या कामासाठी खास अवजार मिळते असे कळले. मोठ्या सांडशीसारखे, कडे आपोआप दाबून धरते. मागवले आणि आज आले. खोक्यावर लिहिले आहे: एकट्या माणसासाठी.

हे शब्द नेमके नाहीत. एकटा माणूस वेगळा आणि एकट्याने काम करणारा माणूस वेगळा. कारखान्याला तसे कळवणार आहे.

४ नोव्हेंबर

पहिला टिकाऊ बर्फ.

सांडशी निसटली. दोनदा निसटून तळघराच्या भिंतीला लागली, तिसऱ्यांदा निसटून नव्या अक्रोडाच्या पन्हळीवर पडली. किरकोळ टवका. कडे जागच्या जागी. रायफलीला रीतसर दोरीने टेबलाशी बांधले, कड्याभोवती माझा कमरपट्टा अडकवला आणि पाय रोवून मागे झुकलो. पट्टा तुटला. चौतिसाव्या वाढदिवसाला हेल्मीने दिलेला पट्टा. म्हणजे तोही जुनाच झाला होता. माल जुना झाला की असे होते.

उताणा पडल्यावर छताकडे पाहत काही वेळ विचार केला. निष्कर्ष: पद्धत योग्य, परिस्थिती प्रतिकूल.

८ नोव्हेंबर, रविवार

हँडगार्ड बसेपर्यंत वेळ वाया घालवणे योग्य नाही. म्हणून बसण्याचा सराव आरंभला. रानात बसायचे म्हणजे पहाटेपासून न हलता बसायचे. हेल्मी उलट्या बादलीवर बसायची. तीच बादली स्वयंपाकघरात खिडकीसमोर ठेवली, नारिंगी जाकीट घातले, हातात रायफलीऐवजी केरसुणी. डावा हात पुढे, अंगठा डावीकडे.

अजिबात हललो नाही. मध्यंतरी झोप लागली, पण हललो नाही.

जाग आली तेव्हा शेजारच्या मिसेस लाक्सो कुंपणापलीकडून पाहत होत्या. मी केरसुणीने सलाम केला. त्यांनी संध्याकाळी सूपचे भांडे पाठवले. बहुधा गैरसमज झाला असावा.

११ नोव्हेंबर

शिल्लक दिवस अत्यंत थोडे. रायफल तळघरात टेबलाला बांधलेली. जुना हँडगार्ड तड्यासह जागेवर. तड्यासह घेऊन गेलो तर? रीनो पहिल्याच नजरेत पाहील. तडा गेलेली रायफल चालू कशी म्हणणार? रायफल नादुरुस्त असेल तर ती भिंतीवरच जायची, हाही नियमच.

आज तळघरात उतरलो नाही. कामातून योग्य वेळी विश्रांती घेणे हा कामाचाच भाग.

मिसेस लाक्सोंचे सूप चांगले होते. वाटाणे. हेल्मी त्यात मोहरी घालायची.

१२ नोव्हेंबर

रीनो न सांगता आला. हातात गरम पास्टी, कागदात गुंडाळलेल्या. भाजलेल्या मोठ्या करंज्याच; आत बटाटा, मांस, सलगम. दारातून आत येतानाच, "तुमच्या कॉर्निश लोकांनी शोधल्या असतील दाजी, पण खाण्यालायक आम्ही केल्या," हे नेहमीचे वाक्य. मी नेहमीचे उत्तर दिले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पास्टी टेबलावर ठेवून सरळ तळघराचा जिना उतरला.

दोरी, तुटलेला पट्टा, सांडशी, भिंतीवरचे पोपडे. सर्व पाहिले. "इथे काय, बैल बांधला होता?"

मग बाह्या वर करून रायफल सोडवली, मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी कडे मागे ओढले. त्याचा चेहरा लालबुंद झाला. कडे गेले. "उचला," म्हणाला.

मी उभा होतो.

"दाजी, उचला!"

माझा हात पन्हळीवर होता. उचलायची वेळ आली आहे हे मला समजत होते. पण हेल्मी कडे ओढून झाले की "आता" म्हणत असे. फक्त एवढाच शब्द. मी त्याची वाट पाहत होतो. ही केवळ सवय.

"अहो बोटं तुटतायत माझी! काय मुहूर्त बघताय काय!"

उचलली. मग खालची. जुना हँडगार्ड निघाला. तसाच नवा बसवला. रीनोने कडे सोडले. खट्ट आवाज आला. दोघांनीही हलवून पाहिला. हलत नाही.

काम माझ्या देखरेखीखाली निर्दोष पूर्ण झाले.

जुनी वरची पन्हळ रीनोने खिडकीच्या उजेडात धरली. तड्याच्या कडेला स्क्रूड्रायव्हरची खूण आहे, तिच्यावरून त्याने बोट फिरवले. मग त्या खोलग्यात स्वतःचा अंगठा ठेवला. "बघा दाजी. ताईच्या अंगठ्याची जागा. अजून तुळतुळीत आहे."

घर्षणाने लाकूड तसे होते, असे मी सांगितले.

"हा जपून ठेवा," म्हणाला.

अर्थातच. लेबल लावून, तारखेसह, कपाटात. लेबल उद्या लिहीन. तूर्त दोन्ही पन्हळी जुन्या वर्तमानपत्रात व्यवस्थित गुंडाळून टेबलाखालच्या रिकाम्या पेटीत ठेवल्या, म्हणजे इकडेतिकडे व्हायच्या नाहीत.

पास्टी खाल्ल्या. दोघांनी. रीनोने माझ्यासमोर पास्टीवर केचप ओतला, आमच्याकडे हे पाप, तरी बाटली मीच पुढे सरकवली.

१३ नोव्हेंबर

धावपळ. लायसन्स, बूट, लोकरीचे मोजे, गोळ्या, थर्मास. रायफल तीनदा उतरवून पाहिली, म्हणजे खांद्यावरून. उत्तम दिसते.

कॅम्पची रीत आहे की प्रत्येकाने पहिल्या सौनासाठी कोरड्या ढलप्यांची एक पेटी न्यायची. वाफेच्या त्या खोलीतली भट्टी ओल्या लाकडाने धुमसते आणि मग सगळे वर्षभर त्या माणसाच्या नावाने खोकतात. सीडरच्या ढलप्या मी सप्टेंबरमध्येच तासून ठेवल्या होत्या, सर्व समान जाडीच्या. अंधार पडत आला होता. तळघरातला दिवा त्या पट्ट्याच्या प्रसंगात फुटला. पोते तसेच पेटीत उपडे केले. पेटी अपेक्षेपेक्षा लवकर भरली.

लेबल लिहायचे राहिले. परत आल्यावर.

१४ नोव्हेंबर, शनिवार. कॅम्प.

पोचलो. बर्फ पोटरीपर्यंत. मला हेल्मीची खाट मिळाली, स्टोव्हजवळची, खालची. ट्रॅव्हिसने आपली पथारी हसत हसत वर हलवली. सभ्य मुलगा. भिंतीवर हेल्मीच्या वडिलांच्या रायफलीशेजारी एक नवा खिळा ठोकलेला दिसला. मी त्यावर माझी टोपी अडकवली.

रायफल सगळ्यांनी हाताळली. कोणाला उणे सापडले नाही. रीनो सर्वांना सांगत होता, "दाजींनी केलंय. मी फक्त कडं धरलं." हे वर्णन अचूक आहे.

संध्याकाळी सौना. कॅम्पात जो नवा असेल त्याने पहिली भट्टी लावायची. ट्रॅव्हिस दोन वर्षांचा जुना, म्हणजे नवा मी. लावली. चष्मा बाहेर काढून ठेवावा लागतो, नाहीतर धुकटतो, कंदील मिणमिणता. पण पूर्वतयारी असली की डोळ्यांची गरज पडत नाही. पेटी भट्टीशेजारी उपडी केली. वरच वर्तमानपत्राची एक पुडी लागली, आत कोरडे लाकूड. पेटवण्यासाठी मी आधीच बांधून ठेवली असणार. हा माझा पद्धतशीरपणा मलाच विसरायला झाला होता! पुडी सर्वांत खाली घातली, वर ढलप्या रचल्या. एका काडीत पेटली. ज्वाळा अशी सुंदर निघाली, जणू लाकडात तेल मुरलेले असावे.

दगड लाल झाले. पाणी टाकले. वाफ मऊ, जडशीळ, अजिबात धूर नाही. सगळे फळ्यांवर गप्प बसून राहिले. या लोकांत यापेक्षा मोठी शाबासकी नसते. शेवटी रीनो म्हणाला, "दाजी, झकास. अगदी ताई लावायची तशी. वास पण तसाच."

मार्चनंतर प्रथमच मला पाठीत ऊब जाणवली. बराच वेळ बसलो. सर्वांत शेवटी बाहेर आलो.

१५ नोव्हेंबर, रविवार. हंगामाचा पहिला दिवस.

पहाटे हेल्मीच्या जागी बसलो. बादलीवर. हललो नाही.

उजाडल्यावर हरीण आले. नर. मोठी शिंगे. सीडरच्या झाडांतून निघून उघड्यावर उभे राहिले, माझ्याकडे कूस करून. रायफल उचलली. डावा हात पुढे. अंगठा डावीकडे.

अंगठ्याला जागा नव्हती. अक्रोड सर्वत्र सारखेच गुळगुळीत.

तेव्हा आठवले की लेबल लिहायचे राहिले आहे. मग लेबल कशाला लावायचे ते आठवले. मग ते कशात गुंडाळले होते ते. मग पेटी.

हरीण केव्हा गेले ते पाहिले नाही. ट्रॅव्हिसने ते नंतर टेकडीपलीकडे टिपले म्हणतात. छान.

दुपारी कॅम्पात नियमानुसार जाहीर झाले: हेल्मीची रायफल चालू. खाट आमच्याकडे. जागा आमच्याकडे. सर्वांनी कॉफीचे मग टेबलावर आपटले. रीनोने खिळ्यावरची माझी टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. "आता या खिळ्याचं काय करायचं? दाजी, असं करू. ताईचा तो जुना हँडगार्ड इथे लावू. रायफल तुमच्याकडे, हा इथे. म्हणजे ताई दोन्हीकडे. परत आणाल ना?"

आणतो, असे म्हणालो.

"लेबलसकट हं," म्हणाला. सगळे हसले. मीही.

१६ नोव्हेंबर

रात्री पाऊस होऊन वर गोठले. पायवाट काचेसारखी झाली होती. ट्रॅव्हिस सकाळी उठून सौनाच्या भट्टीतली राख बादलीत भरून घेऊन आला आणि कॅम्पपासून लाकडांच्या राशीपर्यंत आणि तिथून संडासापर्यंत सगळ्या वाटेवर पसरली. करड्या रंगाची सरळ रेघ. आता कोणी घसरत नाही.

मी वाटेच्या कडेने गेलो. बर्फातून. परत येतानाही.

रीनो दारात उभा राहून ओरडला, "दाजी! ती वाट कोणासाठी केलीय? गुडघाभर बर्फातून काय चाललाय? पडाल की!"

बर्फातून चालणे सांध्यांना हितकारक असते, असे मी त्याला सांगितले.

दुपारीही तसाच गेलो. मोजे स्टोव्हवर वाळत घातले आहेत. नवा हँडगार्ड घट्ट बसला आहे. जराही हलत नाही.